पंचमीचा तवा

मी आजवर जे बोललोय ते बहुतेक माइकवर. चौकात, कॉलेजच्या गेटावर, तालमीच्या कट्ट्यावर, जिथं चार माणसं थांबतील तिथं. हे मात्र माइकवर बोललेलो नाही. संघटनेच्या बैठकीत नाही, मित्राजवळ नाही, घरात तर नाहीच नाही. पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते, गोष्ट घडायच्या आधी त्याला मथळा सुचतो. ह्या गोष्टीला मला कधी मथळा सुचला नाही. किंवा खरं सांगू? सुचू दिला नाही.

तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांवरूनच. 'साप दूध पीत नाही, साप डूख धरत नाही!' हे माझं. 'पुंगीवाल्याला दिलेला पैसा म्हणजे सापाच्या गळ्याचा फास!' हेही माझंच. नागपंचमी जवळ आली की आम्ही अंधश्रद्धाविरोधी संघटनेची पोरं मंगळवार पेठेतून निघायचो आणि घरोघरी कागद वाटत सुटायचो. कुणी न वाचता कागदाची घडी घातली की मी तिथंच भांडायला उभा. 'काका, वाचा की. वाचून मग फाडा.' हळू बोलून कुणाचं डोकं ठिकाणावर येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. अजून आहे बहुतेक.

मग असल्या माणसानं घरात साप का आणला?

पुण्यात शिकताना झालेला एक मित्र परदेशी निघाला होता. त्याच्याकडं बॉल पायथन होता. आफ्रिकेतला बुटका अजगर, बिनविषारी, रीतसर कागदपत्रांचा. 'तू ने, शाळांतून दाखव, पोरांची भीती जाईल,' असं तो म्हणाला आणि मी संघटनेत हेच कारण पुढं केलं. पण कारण ते नव्हतं. मला तो हवा होता, बस्स. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मनगटाला सैल वळसा घालून तो असा थांबला, की मला वाटलं ह्याचा माझ्यावर विश्वास बसला. सापाला विश्वास-बिश्वास काही नसतो, हे मीच छापलेलं. तरी वाटलं.

'साप पाळू नका' म्हणणाऱ्यानं साप पाळला, एवढीच ती कबुली असं तुम्हाला वाटेल. नाही. एवढीच असती तर मी ती केव्हाच टाळ्या घेत सांगून टाकली असती.

थांबा, क्रमानं सांगतो. मला क्रमानं सांगितल्याशिवाय जमायचं नाही. मी सारखा बाजूला पळतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

आमच्या घरी आई, दादा, वहिनी आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी हुपरीची. तिच्या माहेरी घरातच चांदीची पैंजणं घडवतात, त्यामुळं कानस, पकड, हातोडी असल्या गोष्टींचं तिला काही वाटायचं नाही. सापाची पेटी आम्ही दोघांनी केली. जुनं टीव्हीचं कपाट आडवं घातलं, दारांच्या जागी सरकत्या काचा बसवल्या. काचांच्या धारा तिनं कानशीनं मारून मऊ केल्या, 'पावण्याचं अंग कापायला नको,' म्हणून. होय, पावणं. नाव तिनंच ठेवलं. आला तो कोपऱ्यात बसला, जेवेना, बोलेना, जायचं नाव काढेना. रोज सकाळी ती काचेवर टिचकी मारायची. "काय पावणं, आज तरी जेवणार काय? का अजून रुसवाच हाय?"

आईला साप नको होता. पण आणलाच म्हटल्यावर तिनं पहिल्या दिवशी त्याला हात जोडले. मी चिडलो. म्हटलं, आई, हा नागोबा नव्हे, हा परदेशी अजगर. ती म्हणाली, "परदेशी असला म्हणून काय झालं? पोट तर जमिनीलाच हाय की त्येचं." ह्यावर मी हसलो. उत्तर नसलं की मी हसतो.

आफ्रिकेचा जीव आणि आमच्याकडचा पावसाळा. भिंतीला ओल, गाद्यांना वास, दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. म्हणून पेटीच्या एका बाजूला खाली गरम होणारी मॅट घातली. तिच्यावर नारळाचा भुसा, भुशावर लपायला उपडं अर्धं मडकं. दुसरी बाजू गार ठेवली, तिथं पाण्याचं भांडं. मॅटला एक डबी जोडायची असते, थर्मोस्टॅट. मॅट हवी तेवढी तापली की डबी करंट तोडते. मित्रानं जाताना ही एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा बजावली होती. डबीशिवाय मॅट लावू नको. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, ऊब आहे म्हणून तो भाजला तरी बसून राहतो.

वहिनीनं विचारलं होतं, "भावजी, ही डबी कशाला?" मी म्हटलं, "राहू दे हो, ते वायरिंगचं तुम्हाला नाही कळायचं." चांदीच्या भट्टीशेजारी वाढलेल्या बाईला मी आच कळत नाही म्हणालो! पण त्यामुळं झालं काय, की डबीचं काम काय असतं हे घरात एकट्या मला माहीत राहिलं. एकट्या मला. हे लक्षात ठेवा.

आता ती पंचमी.

तुमच्या घरीही असेल ही रीत. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडायची, लाह्या खायच्या. तवा तापला की नागाला चटका बसतो म्हणे. त्या वर्षी आमच्या मोहिमेचा सगळा जोर ह्यावरच होता. 'पंचमीला तवा ठेवा, फोटो पाठवा!' ही घोषणा कुणाची असेल? प्रत्येक कार्यकर्त्यानं आपापल्या घरच्या तापल्या तव्याचा फोटो टाकायचा, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं आणि मीच सगळ्यांच्या मागं लागलो. 'दुसऱ्याला सांगताय, तुमच्या स्वतःच्या चुलीवर काय आहे ते दाखवा!' असं लिहून बसलो, आणि माझ्याच घरी आई तव्याला हात लावणार नाही हे मला माहीत.

सकाळी उठलो तर डबी बंद. रात्री लाइट जाऊन-येऊन होती, त्यात जळली असणार. पेटी गार पडलेली. पावणं मडक्याखाली घट्ट वेटोळं करून बसलेलं. सण असल्यानं दुकान उघडायचं नाही, आणि मला फेरीला निघायची घाई. मी काय केलं? डबी काढून बाजूला ठेवली आणि मॅटची पिन सरळ बोर्डात खुपसली. वर अजून दोन ओंजळी भुसा टाकला, चटका बसू नये म्हणून. त्यानं ऊब कोंडून उलट जास्त तापतं, हेही मी वाचलेलं होतं. तरी टाकला. संध्याकाळी बघू, म्हटलं. एवढ्यात काय होतंय!

एवढ्यात काय होतंय. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याच्यावर आख्खं पत्रक काढलं असतं.

मग स्वयंपाकघरात गेलो. आई देवळात गेलेली. वहिनीला म्हटलं, वहिनी, एक भाकरी. फक्त फोटोपुरती. ती आधी नाही म्हणाली. तिला तेव्हा दिवस गेलेले होते, सुरुवातीचेच, मला नुकतंच कळलं होतं. ती म्हणाली, "भावजी, असल्या दिवसांत नको वाटतंय हो." आणि मी, तिचा धाकटा दीर, एरवी तिच्या हातच्या दोन भाकऱ्या खाऊन फेरीला निघणारा माणूस, मी तिला काय म्हणालो माहिताय? म्हणालो, "तुम्ही पण? मला वाटलं तुम्ही तरी शिकलेल्या आहात."

तिनं तवा ठेवला.

ठेवला आणि हसलीसुद्धा. "आत्ती यायच्या आत काढा. आन् माझं तोंड नीट येऊ दे, नायतर लोक म्हणतील तवा हसतोय नि सून रडतीया." आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. फोटो झकास आला. टम्म फुगलेली भाकरी, मागं हसणारी वहिनी. मी वर ओळ टाकली, 'आमच्या सूनबाईंनी भीतीची भाकरी केली!' गल्लीतल्या सगळ्या ग्रुपवर गेला तो.

दुपारी परत आलो. दारातच वहिनी. "भावजी, तुमचं पावणं असं आडवंतिडवं का पडलंय बघा की."

काच सरकवली तर आत हात घालवेना. भुसा इतका तापलेला. त्याला उचलून उलटा केला. पोटाच्या पांढऱ्या खवल्यांवर लालभडक पट्टा, मध्ये कातडी सुटलेली. तो माझ्या मनगटाला वळसा घालायला बघत होता. तेव्हाही.

मी पहिलं काय केलं असेल? डॉक्टरला फोन? नाही. मी पिन ओढली, मॅट बाहेर काढली आणि गुंडाळून झोळीत कोंबली. पत्रकांच्या झोळीत. म्हणजे बघा, डोकं ठिकाणावर होतं. घाबरून केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आई तेवढ्यात आत आली. शेजारच्या काकूंनी तिला फोटो दाखवलेला होता. तिच्या तोंडावरून ते कळतच होतं. तिनं सापाचं पोट पाहिलं. मला विचारलं, "कशानं भाजलं रं हे?"

मी म्हणालो, "काय कळंना."

एवढंच. हा माझा गुन्हा. दोन शब्द.

आईनं वळून वहिनीकडं पाहिलं. "तवा ठेवलातास?"

"व्हय, आत्ती."

आणि वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. का पाहिलं असेल? मी बोलणार म्हणून. गल्लीत बायकापोरांपुढं गळा ताणणारा माणूस आता म्हणणार, आई, काहीतरीच काय, तव्यानं साप भाजत नाही. मी म्हटलं असतं, तर आईनं लगेच पुढचं विचारलं असतं. मग कशानं? आणि मग झोळी उघडावी लागली असती. साप वाचवा म्हणून ओरडणाऱ्यानं साप भाजला, हे घरात कळलं असतं, गल्लीत कळलं असतं, संघटनेत कळलं असतं. म्हणून मी सापाला पिशवीत घातलं, स्कूटर काढली आणि निघून गेलो. त्याला वाचवायला निघालो होतो की त्या स्वयंपाकघरातून पळालो होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टर कुत्र्या-जनावरांचे, तरी भले माणूस. त्यांनी विचारलं, हीटरला थर्मोस्टॅट आहे ना? मी म्हटलं, आहे. होताच की. घरी, बंद पडलेला. मलम दिलं, इंजेक्शनं दिली. काही दिवसांनी पावणं गेलं. संघटनेत मी 'संसर्ग' असं सांगितलं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एकानं तर माझ्या प्राणिप्रेमावर चार ओळी लिहून टाकल्या. त्या मी वाचल्या आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

साप मेला, ह्याचं दुःख मी खोटं सांगत नाही. झालं. अजून होतं. पण मी सांगतोय ते सापाबद्दल नाही.

श्रावण संपायच्या आत वहिनीचं पोट पडलं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, पहिल्या महिन्यांत असं होतं, कुणाच्या केल्यानं होत नाही. दादानं ते ऐकलं, मान डोलावली. आईनंही ऐकलं. घरी आल्यावर आईनं वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे पोरी. तुला कुठं माहीत हुतं. आपुन शांती करून घिऊ."

ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. भांडायला मला येतं. पण तिनं माफ केलं हो! न केलेल्या गोष्टीची माफी दिली तिनं, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. आणि वहिनीनं ती घेतली. मी दारात उभा होतो. एकदा माफी घेतली की गुन्हा आपलाच होतो, हे मला त्या दिवशी दिसलं.

सर्पदोषाची शांती ठरली. ज्याच्याविरुद्ध आम्ही रान उठवतो, ती. पूजेला चांदीचा नाग लागतो. तो वहिनीच्या वडिलांनीच घडवला, आणि आणायला मला पाठवलं. हुपरीला गेलो. ते खाली बसून शेपटीला शेवटचा हात मारत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची पैंजणं केलेला माणूस, आपल्या लेकीच्या पापाचा नाग घडवत होता. कापसात गुंडाळून माझ्या हातात देताना म्हणाले, "पावणं, तुमी ह्यातलं काय मानत न्हाईसा, ठाव हाय मला. पर न्या. पोरगी झोपत न्हाय म्हणं." मी म्हटलं, "नेतो, मामा." चहा प्यालो. बस धरून परत आलो. वाटेत तो नाग माझ्या मांडीवर होता आणि मी खिडकीतून ऊस बघत होतो.

पूजेला मी थांबलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं आईला म्हणालो. तत्त्वाचा! दादाला माझं ते बोलणं आवडलं नाही. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगं आपल्या विचारांचं पक्कं आहे.

तुम्ही म्हणाल, आईच्या समजुतीला तू काय करणार होतास? हा सवाल मी स्वतःलाच बऱ्याचदा विचारला, अगदी वकिलासारखा. समजूत जुनी आहे, समाज जुना आहे, एका माणसाच्या बोलण्यानं काय फरक पडतो? पण मग मी गल्लीगल्लीत कशाला हिंडत होतो? एका माणसाच्या बोलण्यानं फरक पडतो ह्याच हिशोबावर मी जगत आलोय ना? आणि इथं तर वाद घालायचाच नव्हता. नुसती झोळी उघडायची होती.

काही वर्षं झाली आता. घरात अजून मूल आलेलं नाही. वहिनी आधी माझी पत्रकं छापायला जाण्यापूर्वी वाचायची, ऱ्हस्व-दीर्घ काढायची, कधी 'हे लई तिखट झालंय, जरा पाणी घाला' म्हणायची. आता वाचत नाही. मी मागत नाही. पंचमी आली की गल्लीत नवीन आलेल्या सुनांना तीच आधी जाऊन सांगते, बाई गं, तवा नको ठेवूस. हळू आवाजात सांगते. आणि त्या ऐकतात.

आम्ही अजून कागद वाटतो. तवा ह्या विषयावरचा मी पुन्हा काढला नाही. कुणी विचारलं तर सांगतो, तो मुद्दा आता जुना झाला.

ह्यातलं वहिनीला काहीच माहीत नाही. तुम्हाला आधी सांगतोय. हेही चुकीचंच आहे, आणि ते कळत असून करतोय.

आता जे उरलंय ते सांगून थांबतो. शांतीनंतरच्या दिवसांतलं आहे. गच्चीवर ऊन होतं, वहिनी कपडे वाळत घालत होती. मी फोनवर बोलत वर गेलो होतो. फोन संपेपर्यंत ती थांबली. मग एक चादर झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावजी, घरात तुमीच एक ह्यातलं वाचलेलं माणूस. खरं सांगा मला. माझ्या तव्यानं झालं असंल का हो ते?"

आई होती, दादा होता, डॉक्टरीण होती, माहेर होतं. ती माझ्याकडं आली. कारण 'नाही' म्हणणारा माणूस तिला एकच ठाऊक होता. तिला शास्त्र नको होतं, भाषण नको होतं. 'नाही' हवं होतं. तो शब्द मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलाय.

मी म्हणालो, "आता कशाला ते, वहिनी. झालं ते झालं."

तिनं चादरीचं टोक दोरीवर ओढलं. मग चिमटा लावला, रिकामी बादली उचलली. जिन्याकडं वळता वळता म्हणाली, "म्हंजे आत्तींचं बरोबरच हाय."

मी तिला उतरू दिलं.